स्वप्नांतले सहकारी

आयुष्याचा मोठा भाग आप्तेष्टांच्या सहवासांत जातो, ही आपली एक गोड समजूत आहे. हिशेब मांडला तर ती टिकत नाहीं. सकाळीं अकरापासून सायंकाळीं पांचपर्यंतचे, म्हणजे दिवसाचे सगळे उत्तम तास, आपण ज्यांच्या संगतींत घालवितों ते आपले सोयरे नसतात, आणि बहुधा मित्रही नसतात. कोणा निवडसमितीनें त्यांना पसंत केलेलें असतें. तशाच एका समितीनें आपल्यालाही पसंत केलेलें असतें. आणि एवढ्या एका योगायोगावर पंचवीस पंचवीस, तीस तीस वर्षांचा संसार चालतो. या संसारांतलें ज्ञानही मोठें विलक्षण असतें. आमच्या महाविद्यालयांतला कोणताही प्राध्यापक मी डोळे मिटून नुसत्या खोकल्यावरून ओळखीन. कोणाला चहांत साखर किती लागते, पगार उशिरा झाला म्हणजे कोण आधीं बोलतो आणि कोण शेवटीं, कोणाची चप्पल जिन्यावर कशी वाजते, हें सारें मला पाठ आहे. पण त्यांपैकीं कोणाच्या अंगणांत तुळस आहे आणि कोणाच्या अंगणांत लिंब, असें कोणीं विचारलें तर मला उत्तर देतां यावयाचें नाहीं.

अशीं हीं अकरा ते पांचचीं माणसें रात्रीं आपल्या स्वप्नांत येतात. आणि आश्चर्य असें कीं, तीं कधींही धडपणीं प्राध्यापकांच्या खोलींत येत नाहींत. आमचे प्राचार्य एकदां माझ्या स्वप्नांत आले ते आमच्या खळ्यावर. अंगांत तोच करडा कोट, गळ्यांत तोच टाय, आणि गृहस्थ वावडीवर उभे राहून वाऱ्याच्या तोंडाला सूप धरून ज्वारी उपणीत होते. कचेरींतले हिशेबनीस, जे माझ्या प्रवासभत्त्याच्या बिलांतून न चुकतां कांहीं ना कांहीं कापतात, ते एका रात्रीं आमच्या बैलगाडींत माझ्या धाकट्या बहिणीला मांडीवर घेऊन बसलेले दिसले. बहीण दोन वर्षांची होती आणि त्यांच्या खिशांतल्या पेनाशीं खेळत होती. ती बहीण आतां आजी झाली आहे. स्वप्नाला त्याचें कांहीं नाहीं.

हें खळें आणि ही गाडी पुसेगांवचीं. पुसेगांव म्हटलें कीं लोकांना साताऱ्याकडचें सेवागिरी महाराजांचें पुसेगांव आठवतें. तें हें नव्हे. माझें पुसेगांव हिंगोली जिल्ह्यांत, सेनगांव तालुक्यांत आहे. पोटासाठीं तें सोडून मला पस्तीस वर्षें झालीं, परंतु माझ्या स्वप्नांचें मुख्य ठाणें अद्याप तेंच आहे. माझ्या नोकरीच्या गांवांतला कोणीही मनुष्य स्वप्नांत यावयाचा झाला म्हणजे त्याला पुसेगांवची एस्. टी. पकडूनच यावें लागतें.

या स्वप्नांपैकीं एकानें मला बरेंच अस्वस्थ केलें. आमच्या येथील गणिताचे प्राध्यापक आणि मी यांच्यांत आठ वर्षांपूर्वीं वेळापत्रकावरून कांहीं बोलाचाली झाली होती. सकाळचा पहिला तास गणिताचा असावा कीं इंग्रजीचा, एवढाच प्रश्न होता. पण विद्वानांच्या भांडणाला विषय लहानच लागतो. त्यांत कोणाचें खरें होतें याचा निकाल मी येथें देत नाहीं. दोन्ही पक्षांचीं कागदपत्रें जाडजूड आहेत. तेव्हांपासून आम्ही एकमेकांशीं कामापुरतें बोलतों, आणि कामही शक्य तों लेखी करतों. असे हे गृहस्थ एका पहांटे माझ्या स्वप्नांत आले. शेतांत हुरड्याची आगटी पेटली होती. तिच्या कडेला माझे वडील बसले होते. वडिलांना जाऊन अठरा वर्षें झालीं. गणिताच्या प्राध्यापकांनीं त्यांना कधीं पाहिलेलेंही नाहीं. वडील भाजलेलें कणीस हातावर चोळून, फुंकर मारून, दाणे त्यांच्या ओंजळींत घालीत होते, आणि दोघे कोणत्या तरी बैलाविषयीं इतक्या जिव्हाळ्यानें बोलत होते कीं, मी जवळ उभा आहें याचें दोघांनाही भान नव्हतें. मला त्या वेळीं राग आला नाहीं, मत्सर वाटला नाहीं, नवलही वाटलें नाहीं. जाग आल्यावर मात्र मी पुष्कळ वेळ तसाच बसून राहिलों.

शिकलेल्या माणसाची एक खोड असते. त्याला कांहींही झालें तरी तो त्याचा अर्थ शोधूं लागतो. मीं नांवें वगळून तें स्वप्न मधल्या सुट्टींत सहज म्हणून बोलून दाखविलें, तों तेथल्या तेथें तीन दर्शनें उभीं राहिलीं.

आमचे संस्कृतचे प्राध्यापक म्हणाले, "फल शून्य." त्यांच्या हातांत चरकसंहितेचा आधार होता. इंद्रियस्थानांत स्वप्नाचे सात प्रकार सांगितले आहेत : डोळ्यांनीं पाहिलेलें तें दृष्ट, कानांनीं ऐकलेलें तें श्रुत, इतर इंद्रियांनीं अनुभवलेलें तें अनुभूत, मनानें इच्छिलेलें तें प्रार्थित, कल्पनेनें रचलेलें तें कल्पित, पुढें घडणाऱ्या गोष्टीचें सूचक तें भाविक, आणि शरीरांतील दोषांमुळें पडणारें तें दोषज. यांपैकीं पहिले पांच प्रकार निष्फळ समजावेत, असें तेथें स्वच्छ म्हटलें आहे. सहकारी हा तर रोजचा पाहिलेला, ऐकलेला आणि अनुभवलेला. म्हणजे तिहेरी निष्फळ! हें ऐकून प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांनीं सातवा प्रकार उचलून धरला, आणि आदल्या रात्रीं मीं वांग्याचें भरीत किती खाल्लें होतें याची चौकशी केली. मानसशास्त्र शिकविणारे तरुण गृहस्थ कांहींच बोलले नाहींत. ते नुसते माझ्याकडे पाहून हंसले. फ्रॉईड वाचलेल्या माणसाचें तें हंसणें शत्रूवरही येऊं नये!

फ्रॉईडच्या त्या प्रख्यात ग्रंथाची हकीकत या प्रसंगीं सांगण्यासारखी आहे. स्वप्नांच्या अर्थावरचा हा ग्रंथ १८९९ च्या नोव्हेंबरांत निघाला आणि त्यावर वर्ष छापलें १९००. पहिल्या आवृत्तीच्या ६०० प्रती खपावयाला ८ वर्षें लागलीं. त्यांत त्यानें नमुन्यादाखल जें पहिलें स्वप्न सविस्तर उलगडून दाखविलें तें त्याचें स्वतःचें आहे. आणि आमच्या विषयाच्या दृष्टीनें मौज अशी कीं, तें सहकाऱ्यांचें स्वप्न आहे. १८९५ च्या जुलैच्या २३ आणि २४ तारखांमधल्या रात्रीं तें पडलें. एका मोठ्या दालनांत पाहुणे जमले आहेत. त्यांत इर्मा नांवाची त्याची एक रोगी स्त्री आहे. तिला बरें वाटत नाहीं म्हणून त्याचे व्यवसायबंधु तिच्याभोंवतीं जमतात. एक ज्येष्ठ डॉक्टर येतात ते फिकट चेहऱ्याचे, लंगडत, आणि दाढी गुळगुळीत केलेले. आणि तपासून झाल्यावर ते कांहीं तरी हास्यास्पद निदान सांगतात. शेवटीं निष्पन्न असें होतें कीं, ऑटो नांवाच्या दुसऱ्या सहकाऱ्यानें तिला सुई टोंचली होती आणि ती सुई बहुधा अस्वच्छ होती. आदल्याच दिवशीं या ऑटोनें फ्रॉईडला त्या बाईची प्रकृति म्हणावी तितकी सुधारली नसल्याचें सांगितलें होतें, आणि त्या बोलण्यांत त्याला ठपक्याचा सूर ऐकूं आला होता. तेव्हां स्वप्नानें ठपका उचलून ऑटोच्या पदरांत घातला. प्रत्येक स्वप्न हें कोणत्या तरी इच्छेची पूर्तता होय, हा सिद्धान्त त्यानें येथून मांडला.

त्याचें दुसरें एक स्वप्न आम्हां प्राध्यापकांना याहूनही जवळचें आहे. १८९७ सालीं प्राध्यापकपदासाठीं त्याच्या नांवाची शिफारस झाली होती. त्याच्या आधीं शिफारस झालेले त्याचे दोन सहकारी ताटकळत राहिले होते, आणि ज्यूधर्मीयांना तें पद देण्याविषयीं दरबार नाखूष आहे अशी कुजबूज होती. त्या सुमारास त्याला स्वप्न पडलें कीं, त्या दोघांपैकीं एक आपला काका आहे. चेहरा थोडा लांबट, भोंवतीं पिंवळी दाढी. आणि आपल्याला त्याच्याविषयीं फार प्रेम वाटत आहे. हा काका घराण्याला बट्टा लावणारा, कायद्याच्या कचाट्यांत सांपडलेला होता. फ्रॉईडनें अर्थ लावला तो असा : एक सहकारी काकासारखा भोळसट, दुसरा काकासारखा अपराधी, म्हणून त्यांचें पद अडलें, मी या दोहोंपैकीं कांहींच नाहीं, म्हणून माझें अडणार नाहीं. मग तें प्रेम कसलें? तर ती नुसती झूल. खालचा तिरस्कार दिसूं नये म्हणून वर पांघरलेली. पद त्याला मिळालें, पण १९०२ सालीं.

स्वतःच्या मनाची अशी झडती घेणें हें साधें धैर्य नव्हे, आणि त्याबद्दल या मनुष्याला मी नेहमींच मान देत आलों आहें. पण त्या प्रेमाच्या बाबतींत माझें मन त्याच्याशीं सहमत होत नाहीं. प्रेम दिसलें कीं त्याच्याखालीं द्वेष असलाच पाहिजे, आणि द्वेष दिसला तर मात्र तो अस्सल, हा न्याय एकतर्फी आहे. मनुष्य आपला तिरस्कार प्रेमानें झांकतो हें खरें; तसेंच तो आपलें प्रेमही तिरस्कारानें झांकतो, हें कचेरींत दहा वर्षें काढलेल्या कोणालाही माहीत आहे. ज्या सहकाऱ्याचें नांव काढतांच आपण तोंड वांकडें करतों, तोच चार दिवस रजेवर गेला तर खोलींत चैन पडत नाहीं. आगटीच्या उजेडांत गणिताच्या प्राध्यापकांचा जो चेहरा मला दिसला तो झूल पांघरलेला नव्हता.

फ्रॉईडनंतर पुष्कळ पाणी वाहून गेलें. १९५३ सालीं शिकागो येथें असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनीं दाखवून दिलें कीं, झोंपेंत ठराविक वेळीं मिटल्या पापण्यांखालीं डोळे भराभर फिरूं लागतात, आणि त्या वेळीं माणसाला उठविलें तर तो बहुधा स्वप्न सांगतो. साधारण दर दीड तासानें, रात्रींतून चार पांच वेळां, असे प्रवेश होतात. १९७७ मध्यें हॉब्सन आणि मॅकार्ली यांनीं असा पक्ष मांडला कीं, मेंदूच्या तळाकडून जे अस्ताव्यस्त संदेश येतात त्यांची कशी तरी संगति लावण्याची खटपट म्हणजे स्वप्न. हॉल आणि व्हॅन डी कॅसल यांनीं १९६६ च्या आपल्या ग्रंथांत २०० विद्यार्थ्यांचीं १,००० स्वप्नें घेऊन त्यांतलीं पात्रें, स्थळें, भांडणें आणि स्नेह यांची अक्षरशः मोजदाद केली. अशा मोजदादींतून पुढें जें मत बळावलें तें हेंच कीं, स्वप्न हें जागेपणाचेंच पुढचें पान असतें. आमच्या आजीनें हें एका दमांत सांगितलें असतें : मनीं वसे तें स्वप्नीं दिसे.

इतकें सगळें वाचून झाल्यावर माझ्या लक्षांत आलें कीं, या सर्वांनीं माणसाचा उलगडा केला, जागेचा केला नाहीं. गणिताचे प्राध्यापक स्वप्नांत कां आले, हें समजलें. ते मनांत होतेच. पण ते फळ्यापाशीं न येतां आगटीपाशीं कां आले? आणि त्याचें मला स्वप्नांत नवल कां वाटलें नाहीं, आणि जागेपणीं एवढें कां वाटलें?

बृहदारण्यकांत स्वप्नाचें वर्णन करतांना सांगितलें आहे कीं, तेथें रथ नसतात, घोडे नसतात, रस्तेही नसतात. स्वप्न पाहणारा तीं सारीं आपणच निर्माण करतो. मला यांत रस्त्यांचा उल्लेख विशेष मोलाचा वाटतो. रथ कोणीही करील. रस्ता करणें म्हणजे दोन ठिकाणें जोडणें. महाविद्यालयांतून आमच्या शेतापर्यंत जागेपणीं रस्ताच नाहीं. जो आहे तो डांबरी आहे, त्यावरून एस्. टी. जाते, पण माझे सहकारी त्यावरून कधीं आले नाहींत. स्वप्नानें तो रस्ता केला एवढेंच. आश्चर्य स्वप्नांत नसतें, तें जाग आल्यावर आपण आपल्या पदरचें घालतों. तेव्हां अर्थ लावावयाचा असेल तर स्वप्नाचा लावूं नये, त्या आश्चर्याचा लावावा. ज्या जागीं जो मनुष्य दिसल्यानें आपण दचकतों, त्या जागेच्या आणि त्या माणसाच्या मध्यें आपल्या आयुष्यानें एक कुंपण घातलेलें असतें. दचकणें म्हणजे त्या कुंपणाचा कांटा लागणें होय.

या दृष्टीनें पाहिलें तर सहकाऱ्यांचीं हीं चमत्कारिक स्वप्नें आमच्या आजोबांना पडणें शक्यच नव्हतें असें वाटूं लागतें. त्यांचे सहकारी म्हणजे सुतार, लोहार, कुंभार, न्हावी. ज्यानें नांगर भरला तोच लग्नाच्या मांडवांत वावरत होता. ज्यानें खळ्यावर वांटा नेला तोच मढें उचलतांना खांदा देत होता. प्रत्येक मनुष्य प्रत्येक प्रसंगीं दिसलेला. अनपेक्षित अशी जागाच उरलेली नव्हती. काम एकीकडे आणि घर दुसरीकडे ही विभागणी नोकरीनें आणली, आणि विभागलेल्या दोन तुकड्यांना टांके घालण्याचें काम रात्रीं स्वप्नाकडे आलें.

हा विचार मला इतका आवडला कीं, मी त्यावर एक व्याख्यानच देण्याच्या बेतांत होतों. पण स्वप्नांना आपल्या सिद्धान्तांची पर्वा नसते. मला लौकरच दुसरें एक स्वप्न पडलें, आणि आजोबांच्या गांवाचें तें गोड चित्र अपुरें ठरलें.

आमच्या महाविद्यालयांत एक शिपाई आहेत. वयानें माझ्याएवढेच. प्राचार्यांपासून पहिल्या वर्षाच्या पोरांपर्यंत सारे त्यांना मामा म्हणतात. घंटा तेच देतात, पाणी तेच आणतात, परीक्षेच्या दिवसांत मोहोरबंद लखोटे वर्गावर तेच पोंचवितात. नातें आम्हीं लावलें आहे. नात्याबरोबर जो पाट मांडावा लागतो तो मांडण्याचा प्रसंग कोणावर आलेला नाहीं. हे मामा माझ्या स्वप्नांत आले ते थेट पुसेगांवच्या घरांत; आणि घरांतही ओसरीवर नव्हे, माजघरांत नव्हे, तर स्वयंपाकघरांत, चुलीशेजारीं भिंतीला टेंकून. खाकी सदरा होताच. समोर ताट होतें. आई भाकरी थापीत होती. अंबाड्याची भाजी होती. मामा म्हणाले, "आक्का, बस झालं." आईनें वर न पाहतां आणखी अर्धी भाकरी त्यांच्या ताटांत टाकली. बस्स, एवढेंच स्वप्न.

जाग आली तेव्हां लागलेला कांटा या वेळीं खोल होता. मामांचे वडील आमच्याच भागांतल्या एका गांवीं, गांवकुसाबाहेरच्या वस्तींत राहत असत. तशाच वस्तींतलीं माणसें आमच्याही शेतांत राबत होतीं. आणि माझ्या लहानपणीं त्यांच्यासाठीं आमच्या अंगणांतल्या कोनाड्यांत एक वेगळी कपबशी ठेवलेली असे. चहा वरून ओतला जाई. कपबशी त्यांची त्यांनींच धुऊन परत कोनाड्यांत ठेवावयाची. १९५० सालीं राज्यघटनेच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता रद्द झाली. कोनाड्यांतली कपबशी त्यानंतरही पुष्कळ वर्षें तेथेंच होती. आई कठोर नव्हती. दुष्काळांत तिनें दारीं आलेल्या कोणालाही उपाशी परत पाठविलें नाहीं. पण जें द्यावयाचें तें उंबऱ्याच्या अलीकडून, ही तिच्या पिढीची रीत होती. आणि ती रीत इतकी अंगवळणी पडलेली होती कीं तिला कुंपण म्हणून कोणी ओळखतही नव्हतें. म्हणजे आजोबांच्या गांवीं प्रत्येक मनुष्य प्रत्येक प्रसंगीं दिसत होता, हें खरें नाहीं. कांहीं माणसें जन्मभर कामाला होतीं आणि जन्मभर एका पावलाच्या बाहेर होतीं. अकरा ते पांच ही विभागणी कचेऱ्यांनीं नवी आणली असेल; ही दुसरी फार जुनी होती.

उंबरा म्हटला कीं आमच्या भागांतल्या माणसाला नामदेवांची आठवण होणें अपरिहार्य आहे. नर्सी आमच्या गांवापासून जवळच आहे. कयाधूच्या कांठचें हें गांव परंपरेप्रमाणें नामदेवांचें जन्मस्थान, साल १२७०. पंढरीची आषाढी आटोपली कीं वद्य एकादशीला लोक नर्सीला येतात. हिला परतवारी म्हणतात, आणि लहानपणीं आमचें सगळें गांव या परतवारीला लोटत असे. नामदेवांची पायरी पंढरपुरास महाद्वारांत आहे आणि तिच्या समोर चोखोबांची समाधि आहे. मंगळवेढ्यास गांवकुसाचें काम करतांना भिंत कोसळून चोखोबा गेले, तें साल १३३८ असें मानतात. नामदेव तेथें गेले, आणि ढिगाऱ्यांतल्या ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकूं आलें त्या वेंचून त्यांनीं पंढरीस आणल्या, अशी कथा आहे. एका कवीनें आपल्या सहकारी कवीसाठीं केलेलें याहून मोठें काम मला माहीत नाहीं. तरीही त्या अस्थि दारापर्यंतच आल्या. दारापासून गाभाऱ्यापर्यंतच्या त्या थोड्या पावलांना सहाशें वर्षें लागलीं. १९४७ च्या मे महिन्यांत साने गुरुजींनीं दहा दिवस उपोषण केलें तेव्हां कोठें मंदिर सर्वांना उघडलें. स्वप्नांतला रस्ता एका रात्रींत होतो. जागेपणींचा असा होतो.

पण नामदेवांचा आणि स्वप्नाचा संबंध याहूनही जवळचा आहे, आणि मराठींत सहकाऱ्याचें सर्वांत थोर स्वप्न जर कोणतें असेल तर तें हेंच. नामदेवांनंतर सुमारें तीन शतकांनीं देहूस तुकोबांच्या स्वप्नांत नामदेव आले. पांडुरंगाला बरोबर घेऊन आले, तुकोबांना जागें केलें, आणि त्यांनीं काम सांगितलें : कवित्व कर, वायफळ बोलूं नकोस. शतकोटि अभंगांचा संकल्प होता, त्यांतले उरले ते तूं पुरे कर. यांतली घरगुती घडण पाहण्यासारखी आहे. साक्षात्काराचा झगमगाट नाहीं. एक शिंपी एका वाण्याच्या घरीं येतो आणि माझें उरलेलें काम पुरें कर असें सांगतो. देव बरोबर आहे, पण तो साक्षीदारासारखा. नर्सीचा मनुष्य देहूला, आणि तोही तीनशें वर्षांनीं! यापेक्षां अनपेक्षित जागा ती कोणती? परंतु तुकोबांनीं त्याचा अर्थ कोणाला विचारला नाहीं. ते लिहावयाला लागले.

त्यांच्या दुसऱ्या स्वप्नांतली एक बारीकशी गोष्ट मला फार दिवस छळीत आली आहे. बाबाजींनीं स्वप्नांत येऊन त्यांना मंत्र दिला, तेव्हां भोजनासाठीं पावशेर तूप मागितलें. आणि स्वप्नांत त्याचा विसर पडला, असें तुकोबा सांगतात. मंत्र मिळाला या आनंदांतही तें न दिलेलें पावशेर तूप त्यांच्या ध्यानांत राहिलें. मला वाटतें, स्वप्नाचा अर्थ लावण्याची ही एक निराळीच पद्धति आहे. चरक विचारतो, फळ काय? फ्रॉईड विचारतो, इच्छा कोणती? आणि तुकोबा विचारतात, देणें काय राहिलें?

मीं गणिताच्या प्राध्यापकांना एक दिवस जिन्यावर गांठलें आणि हुरड्याचें स्वप्न सांगितलें. त्यांनीं तें नीट ऐकून घेतलें, थोडा वेळ विचार केला, आणि विचारलें, "चटणी कसली होती?" मीं म्हटलें, "लसणाची." "मग ठीक," असें म्हणून ते तासाला गेले. आठ वर्षांत कामाशिवाय बोललेलें हें आमचें पहिलें वाक्य होतें. पुढें आमची मैत्री जमली असें मी म्हणणार नाहीं. वेळापत्रक अद्याप भिंतीवर आहे. पण येत्या पौषांत ते पुसेगांवला हुरड्याला यावयाचे आहेत.

मामांना सांगणें इतकें सोपें नव्हतें. स्वप्न सांगावयाचें म्हणजे कोनाडाही सांगावा लागणार. शेवटीं मीं स्वप्न सांगितलें नाहीं, जेवावयाला बोलाविलें. ते आणि त्यांची पत्नी एका रविवारीं दुपारीं आमच्या घरीं आलीं. आमच्या घरीं आतां चूल नाहीं आणि पाटही नाहींत. टेबलाभोंवतीं चौघें बसलों. माझ्या पत्नीनें भाकरीवर तूप वाढलें तेव्हां माझा हात क्षणभर थांबला. अंबाड्याची भाजी पाहून मामांच्या पत्नी म्हणाल्या कीं, ही शहरांत कोठें मिळते तें आम्हांला सांगा. जेवणें झाल्यावर मामा आणि मी गॅलरींत बसलों. मला राहवेना. मीं त्यांना सारें सांगितलें. आईचें, भाकरीचें, आणि अडखळत कां होईना, कोनाड्याचेंही.

मामा कांहीं वेळ रस्त्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आमच्या बापालाबी तसल्याच कपांत च्या मिळायचा, सर. त्यो सांगायचा." आणि थोड्या वेळानें आपण होऊनच हंसून म्हणाले, "मलाबी तुमचं एक सपान पडलं व्हतं. लई दिस झाले. आमच्या वस्तीवर टँकर आला व्हता, अन् तुम्ही हातात घागर घेऊन बायांच्या लायनीत हुबे व्हते. कोट घालून."

"मग? माझा नंबर लागला का?" मीं विचारलें.

"तेवढ्यात जाग आली, सर."